साखळी, संमती आणि घरची कडी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ पाळकांनी व धर्मशिक्षकांनी एकदा शांतपणे वाचावा, असे आम्हांस वाटते. २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या या कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. ते वाचताना तामिळनाडूतील एरवाडी आठवते. तेथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले.

तथापि सक्ती संपलेली नाही. तिला मुदत घातली गेली आहे. कलम ८९ अन्वये, मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, रुग्णास संमतीवाचून ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. इटलीच्या १९७८ च्या कायद्यातही सक्ती आहे. पण तिचा आदेश नगराचा महापौर देतो, व पहिली मुदत ७ दिवसांची. आपल्याकडे अर्ज रुग्णाच्या प्रतिनिधीचा, आणि रुग्णाने कोणास नेमले नसेल तर तो बहुधा बाप, भाऊ किंवा नवराच. ज्याच्याशी बिनसले त्याच्याच हाती अर्ज, हे आम्हांस या कायद्याचे दुबळे अंग वाटते.

सुरतेत हे अधिक बोचते. गुजरातची चार सरकारी मनोरुग्णालये अहमदाबाद, वडोदरा, जामनगर व भुज येथे आहेत. सुरतेत एकही नाही. लिंबायत-उधन्यातील यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबाने रोज बुडवून वडोदरा किती वेळा गाठावे? मग खोलीला बाहेरून कडी लागते. त्या कडीपर्यंत पोहोचण्यास कायद्याने कलम १०१ मध्ये पोलीस व दंडाधिकारी दाखविले आहेत. शेजारच्या घरी पोलीस कोण नेणार? बोलावणे येते ते पाळकाला, प्रार्थनेसाठी.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावरील आपली प्रवचने भुतांविषयी पुष्कळ बोलतात. त्या मनुष्याला बेड्या घालणारे त्याच्याच मुलखातले लोक होते, याविषयी क्वचितच. प्रभू त्याला नाव विचारतो. कडी लावलेल्या खोलीशी प्रार्थना करून परतणाऱ्याने निदान तेवढे विचारले होते काय?

मेहसाणा जिल्ह्यातील उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावर आलेल्यांना तेथेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितात. आपल्या मंडळ्यांना यात कमीपणा वाटू नये. शिवाय कलम ५ प्रमाणे, आजार उलटल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे रुग्णास बरे असताना लिहून ठेवता येते. आणि कलम १४ प्रमाणे विश्वासाचा प्रतिनिधीही निवडता येतो. असा कागद लिहिताना घरच्यांना बाहेर बसवून रुग्णाजवळ बसणे धर्मशिक्षकाला सहज शक्य आहे.