व्यसनी बंदी : कायद्याची संहिता आणि ‘गर्द’

प्रास्ताविक : पनवेल तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह असल्याने बंदिजनांच्या व्यसनमुक्तीचा प्रश्न या परिसराला दूरचा नाही. या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी जवळपास एकाच काळात शब्दबद्ध झाल्या. १९८५ साली अंमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा झाला. त्याच सुमारास डॉ. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर ‘गर्द’ हे लेखन केले. प्रस्तुत लेखात या दोन संहितांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे.

विवेचन : कायद्याच्या कलम २ नुसार अंमली पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणजे व्यसनी. या व्याख्येत पदार्थ आहे, अवलंबित्व आहे. ते का जडले, हा प्रश्न नाही. बालपणीची मारहाण, अत्याचार, घराची वाताहत यांचे आघात सोसणाऱ्यास नशा काही काळ वेदनाशामक वाटते. अटक आणि कोठडी त्या आघातात भर घालतात. अवचटांचे लेखन मात्र माणसाशी बोलत बोलत व्यसनापर्यंत पोहोचते. याच जाणिवेतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे डॉ. अनिता अवचट यांनी औषधोपचारास समुपदेशनाची आणि कुटुंबीयांच्या सहभागाची जोड दिली.

कायदा सर्वस्वी कठोर आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कलम ३९ अन्वये सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात न्यायालय व्यसनी व्यक्तीचा पूर्वेतिहास व मानसिक स्थिती लक्षात घेऊन, तिच्या संमतीने तिला उपचारार्थ मुक्त करू शकते. ‘पूर्वेतिहास’ या शब्दात केवळ गुन्ह्यांची नोंद नव्हे, तर आघातांची कहाणीही वाचता येईल. परंतु हे दार दोषी ठरल्यावरच उघडते. २०२२ अखेर देशातील सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते. कलम ६४अ आरोपीस खटल्यापासून संरक्षण देते, पण त्यासाठी त्याने स्वेच्छेने उपचार मागावे लागतात. खचलेल्या माणसाकडून अशा पुढाकाराची अपेक्षा कितपत रास्त आहे?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला. कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावयास हवी. ‘किमान एक’ ही मर्यादा अपुरी आहे.

समारोप : कारागृहात सक्तीने नशा सुटली, तरी तिला व्यसनमुक्ती म्हणता येत नाही. दीर्घकाळ नशेविना राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि सुटकेनंतर घेतलेली पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणून उपचार ही निकालानंतरची सवलत न राहता अटकेच्या पहिल्या दिवसापासूनचा हक्क व्हावयास हवा. कायद्याने ‘गर्द’कडून घ्यावयाचा धडा हाच आहे.