भुतांनी ओरडू नये

भयकथेचं ऑडिओबुक बिघडवायचा सोपा मार्ग म्हणजे वाचणाऱ्यानं स्वतःच घाबरणं. दार करकरण्याआधीच त्याचा आवाज कापू लागतो, मागे सिंथेसायझरचा एक लांबलचक सूर धरला जातो, आणि नायिका किंचाळायच्या आत आपल्याला कळतं की आता ती किंचाळणार. मराठी ऑडिओबुकांत हा प्रकार फार. विज्ञानकथेचं दुखणं नेमकं उलटं. तिथे वाचणारा काहीच करत नाही. हवामानाचा अंदाज सांगावा तसं कृष्णविवर वाचून मोकळा होतो. दोन्ही प्रकार भरपूर ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की भयकथेत निवेदकानं हात आखडता घ्यावा आणि विज्ञानकथेत सढळ सोडावा.

कारण आहे वेग. छापील पुस्तकात तो वाचकाच्या ताब्यात असतो. कंटाळा आला की परिच्छेद गाळता येतो, धास्ती वाटली की नजर घाईनं खाली धावते. ऐकताना ही मुभा नाही. (दीडपट वेगानं भूतकथा ऐकणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.) भयकथेच्या ही सक्ती पथ्यावरच पडते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत पुष्कळदा शेवटच्या दोन-चार ओळींत सगळं फिरतं. कागदावर शेवटचं पान उलटताच डोळा चोरून त्या ओळींवर जातो. कानाला अशी चोरी करता येत नाही. म्हणजे निवेदकाचं अर्धं काम आयतंच झालेलं असतं. त्यानं फक्त तो शेवट आवाजातून आधी फोडायचा नाही. पण कलाटणीच्या वाक्यापूर्वी मोठा श्वास घेऊन, थांबून, आवाज खर्जात नेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

एम. आर. जेम्स हा इंग्रज विद्वान केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना आपल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचा. त्याचा पहिला संग्रह १९०४ साली निघाला, पण त्यातल्या काही गोष्टी त्याआधीच मित्रांच्या कानावर पडलेल्या होत्या. म्हणूनच असेल, त्याचं गद्य एखाद्या जुन्या दस्तऐवजाची माहिती द्यावी तसं थंड आहे. आपल्या कोकणातला चकव्याची हकिकत सांगणारा माणूसही थरथरत नाही. कुठल्या बांधावर वाट चुकली, हातात कंदील होता की बॅटरी, सोबत कोण होतं, एवढंच तो सांगतो. घाबरायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतो. बर्नडेट डन यांनी वाचलेली शर्ली जॅक्सनची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (मूळ कादंबरी १९५९) याच जातीची. नायिका एलेनॉरचं मन ढळत जातं, वाचणारीचा आवाज मात्र घरंदाज आणि नीटनेटकाच राहतो. दोहोंतलं अंतर वाढत गेलं की अंगावर काटा येतो.

याला एक मोठा अपवाद सांगायलाच हवा. स्टीफन किंगच्या ‘इट’चं स्टीव्हन वेबरनं केलेलं सुमारे ४५ तासांचं वाचन म्हणजे आरडाओरडा, खिदळणं, नकला, सगळं काही. आणि ते जमलं आहे. तिथलं भूत विदूषकाच्या रूपात येतं, आणि विदूषकानं तमाशा करायचाच असतो. पण नारायण धारपांच्या कथेत विदूषक नसतो. किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेल्या ‘लुचाई’तसुद्धा धारप सांगतात ते मध्यमवर्गीय घरातल्या सुरात, आणि त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथा सांगणारे अप्पा जोशी तर आपल्या ओळखीतले कुणी वाटतात. त्या माणसाच्या तोंडी नाटकी खर्ज घातला की धारप उरत नाहीत.

विज्ञानकथेकडे वळलं की हिशेब बदलतो. इथे ऐकणाऱ्याला मागे जाता यावं अशी वारंवार गरज पडते. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ला (१९६५) शेवटी शब्दसूची जोडलेली आहे; गाडी चालवता चालवता ती कोण उघडणार? २००७ साली निघालेल्या तिच्या ध्वनिआवृत्तीत तर काही प्रकरणं अनेक नटांनी मिळून केली आहेत आणि काही एकट्या निवेदकानं. परिणामी एकाच पात्राचा आवाज मध्येच बदलतो. वाळवंट, मसाला, राजघराणी यांची जुळवाजुळव करून दमलेल्या श्रोत्याला पात्रांचीही पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

अँडी वीअर या बाबतीत नशीबवान. ‘द मार्शियन’ बरीचशी मंगळावर अडकलेल्या माणसाच्या नोंदींची आहे. आर. सी. ब्रे यांनी २०१३ साली बटाट्यांची आणि पाण्याची आकडेमोड अशी वाचली की ती थट्टाही वाटावी आणि जगण्याची धडपडही. २०२० मध्ये विल व्हीटनच्या आवाजात नवी आवृत्ती आली, तरी जुन्या श्रोत्यांचा जीव ब्रे यांच्यातच अडकलेला दिसतो, माझाही. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’त (२०२१) रे पोर्टर यांच्या वाचनाला जोड मिळाली आहे ती खऱ्या सुरांची. त्यातला परग्रहवासी रॉकी स्वरांच्या भाषेत बोलतो. पुस्तकात तिथे संगीताची चिन्हं छापली आहेत, ऑडिओबुकात ते सूर ऐकू येतात. पार्श्वसंगीताला माझा विरोध आहे, पण हे पार्श्वसंगीत नव्हे. हे पात्राचं बोलणं आहे. मॅक्स ब्रुक्सच्या ‘वर्ल्ड वॉर झी’तही अनेक नट घेणं रास्त ठरतं, कारण मूळ पुस्तकच मुलाखतींचं आहे.

मराठीत हा विचार फारसा झालेला नाही. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं ते मराठीला सोबत घेऊनच, आणि ऐकण्याची सवय पसरली. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या पिढीला ती जडायला वेळ लागला नाही. पण जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. पहिला भाग कुणीही वाचावा असा आहे. पंत मुंबईत उतरतात, ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करते आहे, आझाद मैदानावर भलताच गोंधळ. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या दुसऱ्या जगात कानाला चाटून गेलेली. खरी कसोटी शेवटी लागते. राजेंद्र देशपांडे पंतांना पुंज सिद्धांत समजावून सांगतो, आणि निवेदक इथे राजेंद्रच्या बाजूला गेला की कथा वर्गात जाऊन बसते. त्यानं पंतांच्या बाजूनं वाचायला हवं. इतिहासाचा एक प्राध्यापक, खिशात फाटलेलं पान, आणि समोरचा तरुण त्याला सांगतो आहे की तुम्ही पाहिलेलं जगही खरंच होतं. समजावणीच्या प्रत्येक वाक्यागणिक या माणसाच्या पायाखालची जमीन सरकते आहे, ती आवाजात यावी.

त्यासाठी निवेदकाला तो सिद्धांत आधी उमगावा लागतो. निर्मात्यांनी भयकथांच्या दारांची करकर आणि कोल्हेकुई यांवरचा खर्च थांबवावा आणि त्या पैशात विज्ञानकथेच्या निवेदकाला एक दिवस भौतिकशास्त्राच्या एखाद्या शिक्षकासमोर बसवावं. शिक्षक बोलका असला तर अर्धा दिवसही पुरेल.