संघेडाउतार लेखणी

एखाद्या कवितेत एकही शब्द अधिक नाही, एकही उणा नाही, तिची घडण सर्वांगी रेखीव आहे, असे सांगावयाचे असले म्हणजे गुजराती समीक्षक तिला ‘संघेडाउतार’ म्हणतो. संघेडा म्हणजे कातार्‍याचा लेथ. त्यावरून उतरलेली ती संघेडाउतार. हल्ली लहानशा लेथवर लाकडी लेखण्या कातण्याची हौस वाढते आहे. तेव्हा साहित्याने उसना नेलेला हा शब्द मूळ घरी आणून त्या लेखण्यांनाच लावून पाहावा, असे वाटते. आणि त्यासाठी सुरतेइतके योग्य गाव दुसरे कोणते?

मुंबईची गोदी उभारावयास १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया गेले ते सुरतेहूनच. येथल्या पारशी कारागिरांची सादेली प्रसिद्ध आहे. रंगीत लाकूड, हाड, धातू यांच्या बारीक त्रिकोणी काड्या चिकटवून जुडगा करावयाचा, त्याचे आडवे पातळ काप घ्यावयाचे आणि पेटीवर बसवावयाचे. पूर्वी यात हस्तिदंतही असे. सादेली लाकडावर नवी त्वचा चढवते. कातकाम असलेली त्वचा सोलून आतला आकार बाहेर काढते. दोन्ही विद्या थोर. परंतु एकीचे गुण दुसरीत शोधू नयेत.

आता लेखणीचे पाहा. बोटभर जाडीच्या चौकोनी तुकड्यास लांबीच्या दिशेने सात मिलिमीटरचे भोक पाडतात. येथे घाई चालत नाही. गिरमिट वारंवार मागे घेऊन भुसा झाडला नाही तर लाकूड तापून तडकते. भोकात पितळी नळी चिकटवून तुकडा दांडीवर चढवावयाचा, गोल धारेच्या पटाशीने चौकोनाचा गोल करावयाचा, मग काचकागद. टोकांची जाडी मात्र तयार मिळणार्‍या धातूच्या भागांनी आधीच ठरलेली असते. कातार्‍याचे स्वातंत्र्य काय ते मधल्या तीन-चार बोटांत! आपल्याकडील समस्यापूर्तीसारखाच हा प्रकार: शेवटचा चरण दुसर्‍याचा, कस आपला.

आणि नेमके तेथेच बहुतेक लेखण्या फसतात. शिसवीच्या रेषा दिसाव्यात म्हणून मधला भाग गर्भार ठेवतात, तो अंगठ्याच्या बेचक्यात रुततो. वर प्लास्टिकसारखा काचेरी लेप देतात. बोटे घसरतात आणि लाकडाचा स्पर्श कायमचा झाकला जातो. सावंतवाडीचे आणि गोव्याचे चितारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून भिनते. चन्नपट्टणचे कारागीर तीवर केवड्याचे पान फिरवून झळाळी आणतात. घामट हाताखाली ही झळाळी लवकर उतरते, हे मान्य. पण उतरल्यावर खाली लाकूडच लागते.

या लेखण्या अशा का होतात, याचे कारण उघड आहे. त्या लिहिण्यासाठी केलेल्याच नसतात. शाल-श्रीफळाबरोबर द्यावयाच्या, मखमली डबीत निजवावयाच्या. सुरतेच्या आमलीरानात कवी नर्मदाचे घर आहे, ‘सरस्वती मंदिर’ या नावाचे. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी शिक्षकाची नोकरी सोडून या कवीने साश्रू नयनांनी लेखणीकडे पाहिले आणि स्वतःस तिच्या मांडीवर घातले. तिने त्यास सुख दिले नाही. चोवीस वर्षांनी, १८८२ साली, पुन्हा चाकरी पत्करावी लागली. पण ती लेखणी झिजली होती. खंडेनवमीस आपण पाटावर मांडतो तीही वापरातलीच हत्यारे. डबीतल्या लेखणीस पूजेत कोणते स्थान द्यावे, हे मला तरी सुचत नाही.

म्हणून परीक्षा एकच घ्यावी: दोन पाने सलग लिहून बोटे दुखतात का? सडपातळ, मधे किंचित खोलगट, मेण चोळलेली साधी सागवानी लेखणी या परीक्षेत उतरते. तीस मी संघेडाउतार म्हणेन, मग ती कितीही निरलंकार असो. सागातील वाळूसारख्या अंशाने पटाशीची धार लवकर मरते, तो त्रास कातार्‍याने सोसावा.

राहिली खिशाला अडकवावयाची धातूची पट्टी. कातलेल्या गोलाईवर ती उपरी दिसते. काढून टाकली तर लेखणी मेजावरून घरंगळते, आणि लेथवर सपाट बाजू निघत नाही. या पेचातून चांगली वाट काढलेली लेखणी अजून माझ्या हाती आलेली नाही.