मुख्याध्यापकाची संचिका : कोणाच्या विकासाची साक्ष?

मुख्याध्यापकाने आपल्या कामाची संचिका, म्हणजे पोर्टफोलिओ, ठेवावी आणि तिच्या आधारे स्वतःचा विकास साधावा, असा विचार आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. २०१५ च्या ‘शालासिद्धी’ने शाळेला स्वतःचे मूल्यमापन करायला सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकाकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली. या विकासाचा पुरावा कोणता, या प्रश्नाचे उत्तर म्हणून संचिका पुढे येते.

कल्पना मूळची चित्रकार-वास्तुशिल्पींची. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन यांनी शिक्षकांच्या मूल्यमापनासाठी तिचा विचार केला. माणूस आपल्याच कृतीकडे चिकित्सकपणे पाहून शिकतो, ही डोनाल्ड शॉन यांची १९८३ मधील मांडणीही तिला पोषक ठरली. कल्पनेशी माझे भांडण नाही. मी साहित्याचा अध्यापक आहे. परंतु संचिका हेही एक आत्मकथनच आहे, आणि आत्मकथनात काय लिहिले याइतकेच काय गाळले हे पाहावे, असे दलित साहित्याने मला शिकविले आहे.

आमच्याच वस्तीतून वर आलेला एक मित्र मुख्याध्यापक आहे. त्याने आपली संचिका मला वाचायला दिली. प्रमाणपत्रे, वृक्षारोपणाची छायाचित्रे, निकालाचे तक्ते, पाहुण्यांचे अभिप्राय, सारे नीटनेटके होते. परंतु दलित बाईने शिजवलेली खिचडी काही मुलांनी नाकारली आणि तो स्वतः ताट घेऊन पंगतीत बसला, त्या आठवड्याविषयी तिच्यात एक ओळ नव्हती. मी विचारले. तो म्हणाला, “अरे, हे कागदावर आलं की प्रश्न गावाचा राहत नाही, माझा होतो. वरून विचारतील, तुमच्याच शाळेत हे का होतं?”

त्याच्या नेतृत्वाची खरी कसोटी ज्या आठवड्यात लागली, तोच आठवडा संचिकेबाहेर राहिला. हा दोष त्याच्या धैर्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. एकाच संचिकेतून माणसाने शिकावेही आणि तिच्यावरच त्याचा न्यायही व्हावा, हे जमणारे नाही. ज्या कागदावर बढती अवलंबून असते, त्यावर कोणीही आपले अपयश लिहीत नाही. मग उरते ती आत्मस्तुती. तीत ज्याच्यापाशी टंकलेखक आणि छायाचित्रकार, तो श्रेष्ठ ठरतो.

तरीही संचिका नाकारावी असे मी म्हणणार नाही. गोपनीय अहवालातील एका शब्दाने माणसाची वाट कशी अडते, हे आपल्या नोकरदार पिढीने भोगले आहे. अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळविलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात दिला, तो २००८ मध्ये. ज्याची पात्रता सतत आरक्षणाच्या नावाने संशयित केली जाते, त्याच्या हाती स्वतःच्या कामाचा स्वतः लिहिलेला पुरावा असणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून संचिकेचे दोन भाग असावेत. एक अधिकाऱ्यासाठी. दुसरी चिंतनवही, जी विश्वासातल्या दोन-तीन मुख्याध्यापकांनीच वाचावी आणि जिच्यावरून कोणाचीही बढती अडू नये. तिच्यातले प्रश्न आपले असावेत. कोणते मूल शाळा सोडून गेले? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाचा राहिला? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि त्यांत दुर्बल घटकांना प्रमाणशीर स्थान दिले. ते पालक तेथे बोलतात, की फक्त सही करतात? माझे वडील शाळेच्या कागदावर अंगठा उठवीत. कागदात काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मी घरातला पहिला पदवीधर झालो, तरी तो अंगठा विसरलेलो नाही.

जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. त्या शाळेची याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही, आणि ती शाळा चालविणाऱ्यांनी नव्हे, विद्यार्थिनीने लिहिली आहे. मुख्याध्यापकाच्या विकासाचे माप हेच असले पाहिजे : त्याच्या शाळेतले सर्वांत मागे बसणारे मूल निर्भयपणे लिहू लागले की नाही?

मित्राला मी इतकेच सांगितले, “त्या आठवड्याचे पान लिही. आज साहेबाला दाखवू नकोस. पण लिही.”