‘मधुमेहमुक्ती’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रौढ वयात जडणारा मधुमेह, म्हणजे आजच्या वर्गीकरणातील दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, हा जन्माचा सोबती होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. गेल्या दीड दशकातील संशोधनाने तिला तडा गेला आहे. मात्र या नव्या ज्ञानाला मराठीत एक स्थिर नाव अद्याप लाभलेले नाही. आरोग्यविषयक पुस्तिका, व्याख्याने आणि जाहिराती यांतून ‘मधुमेहमुक्ती’, ‘मधुमेह उलटवणे’, ‘मधुमेह बरा होणे’ हे प्रयोग एकमेकांऐवजी सर्रास योजले जातात. ते खरोखर समानार्थी आहेत काय, आणि मूळ संकल्पनेला त्यांपैकी कोणता पेलतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०११ साली न्यूकॅसल येथे रॉय टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा रुग्णांना आठ आठवडे दररोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. त्यांच्या यकृतातील व स्वादुपिंडातील चरबी घटली आणि इन्सुलिन स्रवण्याची क्रिया सुधारली. पुढे स्कॉटलंड व टाइनसाइड येथे ‘डायरेक्ट’ या नावाची मोठी चाचणी झाली. तीत मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दररोज ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवण्यात आले. २०१७ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक घटले, त्यांच्यात ते ८६ टक्के भरले. परंतु दोन वर्षांअखेर ४६ चे ३६ टक्के झाले आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात ते आणखी घटले. वजन परत आले की साखरही परत येते, हा या प्रयोगाचा दुसरा, आणि कमी सांगितला जाणारा, निष्कर्ष होय.

या अवस्थेला इंग्रजीत ‘रेमिशन’ म्हणतात. सोडणे, सैल करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला आहे. २००९ सालच्या तज्ज्ञांच्या निवेदनात तिचे अंशतः, पूर्ण व दीर्घकालीन असे भेद केले होते. २०२१ साली अमेरिका व युरोपातील मधुमेहविषयक संस्थांच्या तज्ज्ञगटाने ते भेद टाकून एकच व्याख्या दिली : साखर उतरविणारी औषधे थांबविल्यानंतर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहणे. ‘क्युअर’ व ‘रिव्हर्सल’ हे शब्दही या गटाने विचारात घेतले होते; ते नाकारून ‘रेमिशन’ स्वीकारला. म्हणजे शब्दनिवड हा त्या व्याख्येचाच एक भाग आहे. मराठी रूपांतरात नेमकी हीच निवड हरवते.

‘मुक्ती’ हा शब्द मराठी मनात मोक्षकल्पनेशी निगडित आहे आणि मोक्षाचे लक्षणच अपुनरावृत्ती हे आहे. ऋणमुक्त, बंधमुक्त या सामासिक शब्दांतही पूर्वावस्था संपली हाच अर्थ आहे. ‘तंटामुक्त गाव’सारख्या शासकीय प्रयोगांनी हा अर्थ सैल केला आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु त्याने अडचण वाढतेच. या प्रयोगात ‘मुक्त’ ही एकदा मिळविण्याची पदवी ठरते, आणि पदवीची वर्षानुवर्षे फेरतपासणी करावी लागते असे कोणास वाटत नाही.

‘उलटवणे’ हे तर इंग्रजीचे शब्दशः भाषांतर आहे, आणि ते विपरीतार्थी आहे. ‘विषमज्वर उलटला’, ‘दुखणे उलटले’ असे मराठीत म्हणतात तेव्हा गेलेला रोग पुन्हा आला असा अर्थ असतो. घरोघरी रुळलेला हा प्रयोग ज्याच्या कानात आहे, त्याला ‘मधुमेह उलटवा’ हा उपदेश चमत्कारिकच वाटेल.

‘बरा होणे’ या क्रियापदात पूर्णतेचा भाव आहे. ‘बरा झाला’ म्हटल्यावर पथ्य सुटते. उलट ‘आटोक्यात आहे’ हे रूप चालू स्थिती दाखविते, परंतु औषधे चालू असतानाही ते तितकेच खरे असते. प्रस्तुत संकल्पनेला औषधांचा अभाव आणि परतण्याची शक्यता हे दोन्ही घटक एकत्र हवे आहेत.

या दृष्टीने आयुर्वेदाची परिभाषा विचारार्ह आहे. चरकसंहितेत वीस प्रमेहांपैकी दहा कफज साध्य, सहा पित्तज याप्य आणि मधुमेहासह चार वातज असाध्य मानले आहेत. ‘याप्य’ म्हणजे उपचार चालू असेपर्यंत आवरून धरलेला रोग. पडू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टान्त सुश्रुताने त्यासाठी योजला आहे. ही संज्ञा मोहक असली तरी ती औषधाच्या टेकूलाही लागू पडते, म्हणून येथे नेमकी बसत नाही. अधिक उपयोगी आहे तो शोधन व शमन हा भेद. शोधनाने दोष बाहेर काढले जातात. लंघन-पाचनाने जिंकलेले दोष कधी पुन्हा प्रकोप पावतात, असे चरक सांगतो. यावरून आधुनिक संशोधन प्राचीनांना ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मात्र अनुचित ठरेल. येथे साम्य आहे ते अर्थच्छटेचे. शमलेला अग्नी विझलेला असतोच असे नाही, ही जाणीव ‘शम्’ धातूने मराठीपर्यंत आणली आहे.

म्हणून शास्त्रीय लेखनात ‘उपशम’ ही संज्ञा स्वीकारून ‘औषधाविना’ ही अट तिच्या व्याख्येत घालावी, हे श्रेयस्कर दिसते. बोलीत ‘उतार’ हा शब्द तयारच आहे. ‘रोगाला उतार पडला’ म्हणताना कोणीही रोग नाहीसा झाला असे समजत नाही. जे उतरते ते चढू शकते, हे त्या शब्दातच गृहीत आहे. ‘उतार’ औषधानेही पडतो, ही त्याची उणीव खरी. ‘गोळ्यांवाचून उतार’ असे म्हटल्याने ती भरून निघते.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. २०२१ च्या निवेदनानुसार उपशम झालेल्या रुग्णानेही किमान वर्षातून एकदा साखरेची तपासणी करावयाची असते, आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची नियमित तपासणीही चालू ठेवावयाची असते. ज्याला ‘मुक्त’ म्हटले गेले तो या तपासण्यांना जाईल कशाला? दुसऱ्या बाजूस, ‘जन्माचा सोबती’ हेच ज्याने ऐकले, तो निदानानंतरच्या पहिल्या वर्षांत, म्हणजे वजन घटवून उपशम साधण्याची शक्यता सर्वाधिक असताना, प्रयत्नच करणार नाही. एक शब्द खोटी निश्चिंती देतो, तर दुसरा खोटी निराशा. या दोहोंमध्ये उभी असलेली अवस्था सांगू शकेल असा शब्द मराठीत आहे. तो वापरात आणणे एवढेच उरले आहे.