मारिओची पाठचिकित्सा

भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत येतो. १९५७च्या मूळ कायद्यात तो नव्हता, १९८४च्या दुरुस्तीने आला. वकिलांनी केलेली ही वर्गवारी समीक्षकांनी काही मनावर घेतली नाही. घेतली असती, तर नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांतल्या पोरांनी काय वाचलं याच्या यादीत 'सुपर मारिओ ब्रदर्स' घालावा लागला असता. आणि तो आम्ही चोरीच्या आवृत्तीत वाचला, हेही लिहावं लागलं असतं.

निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३मध्ये आला आणि मारिओ त्यावर १९८५मध्ये. आमच्याकडे आले ते लिटल मास्टर, टर्मिनेटर, म्हणजे त्याच यंत्राच्या नकला. मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात अस्सल निन्टेंडो कुणाच्या घरी पाहिल्याचं मला आठवत नाही. गेमला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो, ती मे महिन्यात दिवसावर भाड्याने मिळायची, आणि चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची (फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, हे कुणी सांगितलं नव्हतं).

हे आठवायचं कारण, घाटकोपरच्या एका मित्राची अशीच एक मारिओची कॅसेट गेल्या पावसाळ्यात बिघडली. आतला कार्यक्रम अगदी साधा. दोन चिप असतात. एकीत ३२ केबी प्रोग्राम, दुसरीत ८ केबी चित्रं. चित्रांच्या चिपला कुठलं पान हवं ते सांगायला तेरा तारा असतात. त्यातली सर्वांत वरची तार मेली, की यंत्र उत्तरार्धातलं पान मागतं आणि त्याला पूर्वार्धातलं मिळतं. मारिओत पूर्वार्धात माणसं आणि शत्रू आहेत, उत्तरार्धात जमीन, विटा, ढग, अक्षरं. त्यामुळे मित्राच्या टीव्हीवर संगीत नेमकं वाजत होतं, मारिओ शाबूत होता, पण तो ज्या जमिनीवर धावत होता ती पूर्वार्धातल्या चित्रांच्या तुकड्यांची बनली होती. मला तो खेळ त्या अवस्थेत फार आवडला. मित्राला अर्थातच नाही.

मुलुंडच्या एका कारागिराने मल्टिमीटर लावून बोर्डावरचे सगळे मार्ग तपासले. मार्ग ठीक होते, दोष चिपच्या पोटात होता. नशीब असं की या चिपला पाय होते. पुष्कळ स्वस्त कॅसेटांत पाय नसतातच. उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवून वर काळा डांबरासारखा थेंब टाकलेला असतो, ती काढता येत नाही. ही त्याने गरम हवेने उकलली, इंटरनेटवरून मारिओची फाइल उतरवली, त्यातली चित्रं एका कोऱ्या ईप्रॉमवर चढवली आणि ती तिथे बसवली. जमीन जागेवर आली. काम सुबक, डाग कुठे नाही.

आणि पहिल्याच पडद्यावर, शीर्षकाच्या फलकाखाली उजवीकडे, ओळ उमटली: © १९८५ निन्टेंडो. मित्र म्हणाला, "ही आपल्याकडे नव्हती." नव्हतीच. त्या जागी नुसतं निळं आकाश होतं.

मारिओचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ३२ केबी इतके अपुरे पडले की सुरुवातीच्या पडद्याची मांडणी, म्हणजे फलक कुठे, अक्षरं कुठे, ही माहिती त्यांनी चित्रांच्या चिपमध्ये उरलेल्या जागेत, अगदी शेवटाजवळ कोंबली. चोराने मालकाचं नाव पुसलं ते तिथे. म्हणजे जो उत्तरार्ध मेला, त्यातच ही पुसलेली ओळ होती. जुनी चिप वाचून पाहिली तरी ती मिळणार नाही. दुरुस्तीने चोरीचा माल मालकाच्या नावावर करून दिला, आणि आम्ही जे वाचलं होतं ते नाहीसं झालं.

कारागिराला मी दोष देत नाही. गेम चालवणं हे त्याचं काम, ते त्याने केलं. माझी तक्रार आहे ती 'मूळ रूपात आणलं' या शब्दांवर, जे जुन्या खेळांचे हौशी संग्राहक फार सहज वापरतात. कुणाचं मूळ? कॅसेट एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली प्रत असते, आणि प्रतीच्या चुका, खाडाखोड हा तिचा इतिहास असतो. खेळांच्या फाइली जमवणाऱ्यांत एक जुनी पद्धत आहे, फाइलीच्या नावापुढे चौकटी कंसात खूण करायची. उद्गारचिन्ह म्हणजे पडताळलेली, 'बी' म्हणजे खराब, 'एच' म्हणजे बदललेली, 'पी' म्हणजे चोरीची. उतरवताना सगळे उद्गारचिन्हवाली घेतात. 'पी'वाल्या फाइली ठेवण्याचे कष्ट कुणीतरी घेतलेत, हे मात्र त्या पद्धतीचं मोठेपण.

पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हाही प्रश्न हाच होता. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा घराघरांत माहीत आहे, पण त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात ती नाही. संपादकांनी ती बाजूला काढली, पण फेकली नाही. ती परिशिष्टात छापलेली आहे. वाचकाला हवी तर सापडते. आमच्या कॅसेटला तळटीप नाही, परिशिष्ट नाही. आठ केबीच्या जागेत एकच पाठ मावतो, दुसरा कचऱ्यात जातो.

नाव पुसणारा काही बंडखोर कलावंत नव्हता. त्याने धंद्यासाठी पुसलं. तरी त्या कोऱ्या जागेचा परिणाम खरा आहे. आम्ही हा खेळ लेखकाशिवाय वाचला. कुठल्या देशाचा, कुणी केला, हे विचारावंसंही वाटलं नाही. शिगेरू मियामोतो हे नाव मला पुष्कळ उशिरा, मासिकातून कळलं. आमच्या लेखी मारिओ ओवीसारखा होता, कुणीतरी कधीतरी रचलेला. दुरुस्त कॅसेट पाहणाऱ्या आजच्या मुलाला वाटेल की घाटकोपरच्या चाळीत आम्ही निन्टेंडोचा परवान्याचा माल खेळत होतो.

जुनी चिप मी मित्राकडून मागून घेतली आणि चंदेरी कागदात गुंडाळून ठेवली आहे. अर्ध्या पोथीचाही उपयोग असतो, तिचा पूर्वार्ध मूळ फाइलीशी ताडून पाहिला तेव्हा कळलं की चोराने तिथे एक बाइटही बदलला नव्हता. उत्तरार्धासाठी दुसरी प्रत हवी होती. ती बोरिवलीत एका ओळखीच्यांच्या माळ्यावर निघाली, तसलंच निळं प्लास्टिक, तसलाच उडालेला कागद. हिच्यात काळा थेंब आहे, पण ती उकलायची गरजच नव्हती. कडेच्या साठ पिनांतून सगळं वाचता येतं. वाचलं. त्या ओळीत निन्टेंडो नाही, कोरं आकाशही नाही. नुसतं '१९८५' आहे.