शब्दसंख्या की शब्दसामर्थ्य?

इंग्रजीचा प्रगत शब्दसंग्रह वाढविण्याची जी साधने आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी प्रतिशब्द देणारी यादी सर्वांत लोकप्रिय होय. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या गावी मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याची भिस्त बहुधा तिच्यावरच असते. ती भिस्त कितपत सार्थ आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

यादी शब्दांचे समीकरण मांडते, हा तिचा मुख्य दोष. ‘सिग्निफिकन्ट’ म्हणजे ‘महत्त्वाचा’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी संख्याशास्त्रात फसतो. कारण तेथे ‘सिग्निफिकन्ट’ ठरलेला फरक व्यवहारात क्षुल्लकही असू शकतो. ‘जोराचा पाऊस’ लिहिताना तो ‘स्ट्राँग’ हे विशेषण योजतो. इंग्रजीत तेथे ‘हेवी’ लागते. अर्थ कळला, पण शब्दाची संगत कळली नाही. कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दाखाली छटांनुसार अनेक प्रतिशब्द आढळतात. यादीने नेमकी तीच समृद्धी गाळली.

निवडीचा दोषही लहान नाही. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० पायाभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्याबाहेरील ५७० शब्दकुले अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातून निवडली. दोन्हींत शब्द किती वेळा वापरला जातो याला महत्त्व आहे. बाजारातील याद्या मात्र दुर्मिळतेलाच प्रगती समजतात.

मराठी माध्यम हा येथे अडसर मानला जातो, तेही अर्धसत्यच. ‘परिमिती’ जाणणाऱ्यास ‘पेरिमीटर’ परका नाही. ‘परि’ आणि ‘पेरि’ हे उपसर्ग सगोत्र आहेत. ‘प्र’ व ‘प्रो’, ‘अंतर्’ व ‘इंटर’ यांचेही नाते तसेच. अर्थात व्युत्पत्ती शब्दाची ओळख करून देते. त्याचा वापर शिकवीत नाही.

वापराचे महत्त्व मराठवाड्यास नव्याने सांगावयास नको. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीत कचेरीची उर्दू परिभाषा मराठी माणसाच्या तोंडी बसली, ती काही यादी पाठ करून नव्हे. अर्ज-फाट्याच्या नित्य व्यवहारातून. इंग्रजीचाही मार्ग हाच. आपल्या विषयाचे एक पान रोज वाचावे, भेटलेला शब्द पूर्ण वाक्यासह वहीत उतरावा आणि आठवड्याच्या आत तो स्वतःच्या वाक्यात योजावा. अशा रीतीने आलेले शंभर शब्द पाठ केलेल्या हजारांहून अधिक उपयोगी ठरतील. यादी निष्फळ ठरली म्हणजे विद्यार्थी स्वतःसच मंदबुद्धी समजू लागतो. वस्तुतः तेथे उणे असते ते साधन.